खुशीचा रोज

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

चुकून बोललात म्हणावं, तर त्यालाही तुम्ही जागा ठेवली नाही. बंद खोलीत नाही, कुणाच्या कानात नाही. भर गोदामात, बायामाणसांच्या घोळक्यासमोर, पोती तोलायच्या काट्यावर उभं राहून बोललात. "मोंढ्यातल्या युनियनचा आणि तुमच्या मजुरीचा काडीचा संबंध नाही." शब्द तुमचेच. कामगारांचं बघायला सरकारनं बसवलेला माणूस तुम्ही. कुणी विचारलं नसताना बोलला असता, तर म्हटलं असतं जीभ घसरली. पण तुम्हाला विचारलं होतं. एका अडाणी म्हातारीनं हात जोडून विचारलं होतं, की खरं काय ते सांगा. तुम्ही आधीच चहा संपवून, मिशी पुसून काट्यावर चढला होतात, आणि खोटं सांगितलं.

आता त्या शब्दांचं ओझं कुणाच्या मानेवर पडलं ते ऐका. तिचं नाव शकुबाई.

हिंगोलीकडचं गोरेगाव सोडून सेनगावच्या रस्त्याला लागलं की गुलाबचंद शेटचं पत्र्याचं गोदाम लागायचं. आसपासच्या खेड्यांतली सोयाबीन, तूर, हरभरा, उन्हाळ्यात हळद, सगळं तिथं येऊन पडायचं. बाया माल चाळायच्या, खडे-माती काढायच्या, पोती भरायच्या, शिवायच्या. गडी पोती पाठीवर घेऊन थप्प्या लावायचे, ट्रक भरायचे. शकुबाई पोती शिवायची. दाभणात सुतळी ओवून पोत्याचं तोंड असं आवळायची की पोतं ट्रकातून खाली आदळलं तरी दाणा सांडायचा नाही. बाया तिला 'डाक्टरीन' म्हणायच्या. "बसली बाई टाके घालाया," कुणीतरी म्हणायची, की हसण्याला सुरुवात.

तिचा नवरा पुंजाजी मेंढरांमागं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा, तो मिरग तोंडावर आल्यावर परतायचा. घरात राहायच्या तिघी. शकुबाई, तिची सासू अनुसयाबाई आणि पोरगी पुनम. पुनम शाळेत होती, आणि त्यांच्या भावकीत त्या वयाची पोरगी बिनलग्नाची राहणं हेच नवल. अनुसयाबाईनं सुनेला तोंडावर सांगून ठेवलं होतं, "हे बघ शकू, तुहा रोज चालू हाय तवर तुह्या पोरीची शाळा. रोज पडला की हळद. मंग म्हणू नको म्हातारीनं गळा कापला."

म्हातारीचाही त्यात दोष नव्हता. शकुबाई गावात राहू शकायची ती गोदामाच्या रोजावर. तो पुरेनासा झाला की तिलाही पुंजाजीबरोबर मेंढरांची वाट धरावी लागणार, आणि वयात आलेली पोरगी ना माळावर नेता येणार, ना थकल्या म्हातारीच्या भरोशावर गावात ठेवता येणार. मग उजवून टाकायची. पुनमची शाळा गुरुजींच्या हातात नव्हती, पुनमच्या हुशारीतही नव्हती. ती आईच्या रोजावर उभी होती.

आणि रोज उभा होता खुशीवर.

खुशी हा त्या गोदामातला शब्द. तालुक्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांची युनियन होती. छातीवर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. दोन-तीन वर्षांआड ते अडत्यांशी भांडायचे, काम बंद पाडायचे, हमालीचा भाव वाढवून घ्यायचे. भाव वाढला की मोंढ्यात गुलाल उडायचा. गुलाबचंदच्या गोदामात ना युनियन, ना बिल्ला. पण तिकडं गुलाल उडाला की इकडं पुढच्या बाजाराच्या आत शेट सगळ्यांना बोलवायचा, पेढे वाटायचा आणि रोज वाढवायचा. मोंढ्याइतका नाही, पण वाढवायचा. वर म्हणायचा, "देखो, ते लोक भांडून घेतात. मी खुशीनं देतो. भांडून घेतलेलं अंगाला लागत न्हाई."

झालं. त्या वाढीचं नावच खुशी पडलं. "अवंदा खुशी किती बसली गं?" असं बाया एकमेकींना विचारायच्या. मोंढ्यात लोक घरची चूल बंद ठेवून, पोलिसाच्या काठ्या अंगावर घेऊन भाव आणायचे, आणि गोदामात पेढा चघळत बाया म्हणायच्या, "आपला शेट देवमाणूस हाय माय." गुलालाचा आणि पेढ्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. येईल कसं? गुलाल लांब तालुक्याला उडायचा, पेढा तोंडात पडायचा.

शकुबाईला मात्र बिल्ला पाहिजे होता. हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. ती पंचफुलाबाईला घेऊन जीपला लटकत तालुक्याला गेली. पंचफुलाबाई म्हणजे गोदामातली सगळ्यात जुनी चाळणीवाली, तोंडात दात उरले नव्हते पण जिभेची धार गेली नव्हती. युनियनचा पुढारी खेमा मोंढ्यात लिंबाखाली बिल्लेवाल्यांच्या घोळक्यात बसला होता. आडदांड माणूस, मान बैलासारखी.

"खेमाभाऊ, आमालाबी घ्या युनियनीत," शकुबाई म्हणाली. "बिल्ला द्या."

"बिल्ला हमालाचा असतो बाई. पाठीवर पोतं घेतो त्याचा."

"पोतं शिवल्याबिगर पाठीवर येतं व्हय? उघड्या तोंडाचं घेऊन बघा एकदा. समदी सोयाबीन तुमच्या बंडीत."

घोळका हसला. खेमाला ते लागलं असावं. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बरं, देतो बिल्ला. पण बाईच्या लुगड्याला लावावा कुठं, ते आधी सांगा."

आता घोळका नुसता हसला नाही, लोळला. हसणं ओसरल्यावर खेमा म्हणाला, "जा माय. तुमचा शेट देतो ना खुशी? ती घ्या."

हेही लिहिलंच पाहिजे. युनियनवाले काही देव नव्हते. आपल्या हक्कासाठी छाती पुढं काढणाऱ्या माणसांना शेजारच्या बाईचा हक्क दिसला नाही. त्यांना वाटलं, बिल्ला जितक्या कमी छातीवर तितका किमतीचा. परतीच्या जीपमध्ये पंचफुलाबाई म्हणाली, "जाऊ दे शकू. बिल्ला म्हंजे बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. आपल्याला काय करायचं?" शकुबाई हसली नाही. ते लिंबाखालचं हसणं तिनं पदराच्या गाठीला बांधलं.

तीन वर्षांनी ऐन सोयाबीनच्या दिवसांत मोंढ्यात काम बंद पडलं. या खेपेला अडत्यांनी मनात ठरवलंच होतं, की भाव द्यायचा नाही, युनियनच मोडायची. त्यांनी माल मोंढ्यात उतरवणंच थांबवलं आणि ट्रक सरळ गोरेगावच्या वाटेला लावले. गुलाबचंदच्या गोदामापुढं ट्रकांची रांग लागली. गडी पुरेनात. शेटनं रोज दुप्पट केला आणि बायांनाही पोती उचलायला लावली. दोघींनी पोत्याचे कान धरायचे, फळीवरून चढायचं आणि ट्रकात टाकायचं. फळी पायाखाली लवायची, पाठीच्या कण्यातून कळ निघायची, पण हातात पडणारा रोज बघून कळ विसरायची.

"पुनम," शकुबाई एका संध्याकाळी म्हणाली, "तुही धाव्वी आता कुणाच्या बापाच्यानं अडत न्हाई."

"बापाच्यानं न्हाई, आजीच्यानं अडंल," पुनम म्हणाली, आणि चुलीपुढं बसलेली अनुसयाबाईसुद्धा फिसकन हसली.

मग एका सकाळी खेमा गोदामाच्या फाटकात येऊन उभा राहिला. मागं पाच-सात बिल्लेवाले. पडलेली तोंडं, वाढलेल्या दाढ्या. भांडायला आला म्हणावं तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली.

"बायांनो, हात जोडतो. ह्या ट्रकाला हात लावू नका. आमी पडलो तं तुमीबी पडता."

शकुबाईनं दाभण तसाच पोत्यात खुपसला आणि फाटकाशी गेली. "आमी तुमचे कोण खेमाभाऊ? आमाला बिल्ला हाय का?"

"ते सोडा आता, शकुबाई."

"तुमी सोडून देलं असंल. आमी धरून ठेवलंय."

मागून पंचफुलाबाईनं ट्रकाकडं बोट केलं. "बघून घ्या भाऊ. बिल्ला लावाया जागा न्हाई त्या लुगड्यांनी केवढा डोंगर उचलला ते."

बाया हसल्या. खेमा खाली बघत ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "हसा माय, तुमचा हक हाय. पण एक सांगतो. तुमच्या शेटची खुशी आमच्या भांडणातून निघते. आमचं भांडण सरलं का त्याची खुशी सरली. माह्यावर राग काढा, पण सोताच्या पायावर दगड पाडून घेऊ नका."

तो गेला, पण बोलणं मागं राहिलं. दुपारपर्यंत चाळण्यांचा आवाज मंदावला. एक म्हणाली, "खरं असंल का गं?" दुसरी म्हणाली, "दोन दिस बसून बघाव का?" शेट पेढीवरून सगळं बघत होता. त्यानं फोन फिरवला.

दुसऱ्याच दिवशी सरकारी जीप आली. जीपमधून तुम्ही उतरलात, साहेब.

शेटनं लोडाला टेकवलं, चहा-फरसाण झालं, आणि मग तुम्हाला बायांपुढं आणलं. सगळ्यांना दिसावं म्हणून तुम्ही काट्यावर चढलात. गोदामात असं झालं नव्हतं कधी. सरकार पायानं चालत दाराशी आलं, बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. पंचफुलाबाई पुढं झाली. तिची ती धारदार जीभ त्या दिवशी नमून बोलली.

"साहेब, मोंढ्यातले लोक म्हणून राहिले, आमची युनियन मोडली का तुमचाबी रोज पडंल. आमी अडाणी बाया. तुमी सरकारचे. खरं काय ते सांगा, तुमी सांगताल तसं करू."

आणि तुम्ही सांगितलं. "हे पाहा, त्यांची युनियन त्यांच्यापुरती. उलट ते महाग झाले म्हणून काम तुमच्याकडं आलं. मोंढ्यातल्या युनियनचा आणि तुमच्या मजुरीचा काडीचा संबंध नाही. तुमची मजुरी तुमच्या मेहनतीची आहे. कुणाच्या चिथावणीला भुलू नका."

ते महाग झाले म्हणून काम इकडं आलं, हे त्यातलं एवढं एकच वाक्य खरं होतं. खोट्याला उभं राहायला एक पाय खरा लागतो, तो तुम्ही बरोबर शोधून आणला होता.

जीप गेल्यावर बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शकुबाईच बोलली, "सरकारी माणूस हाय. तो काहून खोटं बोलंल? त्याला काय आपल्या रोजातलं मिळून राहिलं?" आणि पहिल्या पोत्याचा कान तिनंच धरला. लिंबाखालचं हसणं अजून तिच्या गाठीला होतं. त्या दिवशी ट्रक भरताना तिला वाटलं, एकेका पोत्याबरोबर आपण ते हसणं उचलून फेकून देतोय.

संक्रांतीच्या आधी मोंढ्यातला बंद मोडला. कशानं मोडला हे सांगायला नको. माल अडलाच नाही, तर बंद कशाचा? अडत्यांनी ठेकेदार नेमला. ठेकेदार म्हणेल तो भाव, ठेकेदार म्हणेल तो माणूस. युनियनच्या खोलीला कुलूप लागलं. बिल्ले कुणी परत मागितले नाहीत आणि कुणी लावलेही नाहीत.

त्यानंतरच्या बाजाराला गोदामात रोज वाटायला शेट बसला. शकुबाईच्या हातावर पैसे पडले. तिनं बघितले, मूठ मिटली, पुन्हा उघडून बघितले. दुप्पट रोज जाणार हे तिनं धरलंच होतं. पण हा तर जुन्या रोजाहूनही खाली होता. इतक्या वर्षांत एकेक करून चढलेल्या सगळ्या खुश्या उतरवून घेतल्या होत्या.

"शेट, चुकून कमी आले."

"चुकून न्हाई बाई."

"मंग खुशी?"

गुलाबचंदनं चष्मा काढला. त्याचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "देखो शकुबाई, गादीवर बसून खोटं बोलणार न्हाई मी. ती खुशी तुमच्या कामाची नव्हती. काम तर तुमी पयल्यापासून हेच करता. खेमाची माणसं तुमच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून मी ती देत होतो. शेताला कुंपण घालतोच ना आपण? खर्च येतो, पण घालतो. आता जनावरच राहिलं न्हाई, तर कुंपणाला पैसा कशाला घालू?"

"आमीच मोडून देलं ना ते जनावर तुमाला?"

"त्याचा डबल रोज दिला की मी. उधार ठेवला का काही?"

नाही ठेवला. त्या माणसानं काही उधार ठेवलं नाही, आता खोटंही बोलला नाही. कसाई आपला धंदा लपवत नाही. शकुबाईला शेटचा राग यायला हवा होता, पण त्याहून जास्त राग आला तो त्या काट्याचा. तिथं उभं राहून ज्यानं 'काडीचा संबंध नाही' म्हटलं होतं, त्याला हे माहीत नव्हतं? शेटला माहीत होतं. खेमाला माहीत होतं. कुंपण कुणासाठी हे शेतमालकाला कळतं, जनावराला कळतं, आणि सरकारनं खास त्याच कामावर ठेवलेल्या माणसाला कळत नाही?

कमी रोज पडतो म्हणून काम सोडावं म्हटलं, तर फाटकात माणसं उभी. कोण? बिल्लेवालेच. ठेकेदारानं मोंढ्यात अर्धीच माणसं घेतली होती. उरलेली गोदामागोदामांतून काम मागत फिरत होती, मिळेल त्या रोजावर. शेटनं बायांना सांगून टाकलं, "परवडत नसंल तर बळजबरी न्हाई. माणसं लई हायेत."

आणि एका दिवशी शकुबाईच्या शेजारी पोती शिवायला आणून बसवलं ते दस्तुरखुद्द खेमाला.

अडीच मणाचं पोतं पाठीवर लीलया पेलणारे ते हात दाभणापुढं लहान लेकरासारखे झाले होते. सुतळी ढिली, टाके वाकडे. त्याचं पहिलंच पोतं उचलताना तोंड उसवलं आणि सोयाबीन भळाभळा सांडली.

"काहो भाऊ," पंचफुलाबाई लांबून म्हणाली, "हमालाचा बिल्ला गेला अन् बाईचा दाभण आला का हातात? संभाळा, बोटात जाईल. मंग बोटाला बिल्ला बांधावा लागंल."

यावेळी कुणी फारसं हसलं नाही. खेमानं सांडलेली सोयाबीन ओंजळीनं भरायला घेतली. शकुबाई बघत राहिली, मग उठून त्याच्या पोत्याचं तोंड धरलं.

"दुहेरी सुतळी घ्या. अन् आतून बाहेर काढा, बाहेरून आत न्हाई."

तो तसं करू लागला. थोड्या वेळानं खाली मान घालूनच म्हणाला, "तवा बिल्ला देला असता तुमाला, तं तुमी त्या ट्रकाला हात लावला नसता."

"न्हाई लावला असता."

"माही मती मारली व्हती."

"तुमचीबी अन् आमचीबी. तुमाला वाटलं, बाया आत आल्या तं बिल्ल्याचा मान जाईल. आमाला वाटलं, तुमी पडले तं आमचा मान वाढंल. अन् मान कुणाचा वाढला? ज्यानं आपल्या दोघायला एका चटईवर बसवलं त्याचा." तिनं टाका आवळला, इतका की सुतळी तटकन तुटली. "पण आमी इचारलं व्हतं, भाऊ. आमी आपल्या मनानं न्हाई केलं. आमी सरकारला इचारलं व्हतं."

घरी अनुसयाबाईनं जास्त बोलणं केलंच नाही. सुनेच्या चेहऱ्यावरून तिला रोज कळला. तिनं शिरड शहापूरला निरोप धाडला. तिथल्या एका घरानं पुनमला आधीच मागणी घातली होती, आता ते सोमवारी बघायला येणार होते. पुंजाजीला वाटेत गाठून कुणी सांगितलं, तर त्याचा उलटा निरोप आला, आई म्हणते तसं करा आणि तू इकडं निघून ये, एकट्यानं कळप आवरत नाही. पुनम रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आये, तू तं म्हणली व्हतीस कुणाच्या बापाच्यानं अडत न्हाई. मंग हे कुणाच्यानं अडलं?"

शकुबाईपाशी उत्तर होतं. नाव नव्हतं, पण माणूस होता. सोमवार यायच्या आधी तिनं गोदामाचा एक दिवस बुडवला आणि जिल्ह्याला निघाली. पंचफुलाबाई निघाली, चाळणीवर बसणाऱ्या आणखी सात-आठ जणी निघाल्या. जीप सुटताना खेमा धावत आला आणि मागच्या पायरीवर लटकला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उतरवलं नाही.

तुमच्या कचेरीच्या दारावरच्या शिपायानं अडवलं. "अर्ज आणला का?"

"तोंड आणलंय," पंचफुलाबाई म्हणाली आणि त्याच्या हाताखालून आत शिरली.

तुम्ही टेबलामागं बसला होता. कोण, कुठल्या, काय काम, असं विचारलंत. गोरेगावचं गोदाम म्हटल्यावर तुमची नजर खिडकीकडं गेली. खेमा पुढं सरकला तेव्हा मात्र तुम्हाला धीर आला.

"तुम्ही? तुमची युनियन तर राहिली नाही. कुणाच्या वतीनं आलात?"

"ह्या बायांच्या वतीनं," खेमा म्हणाला.

"वतीनं न्हाई," शकुबाई म्हणाली. "मागं उभं राहा, भाऊ. आज आमी बोलतो."

खेमा मागं सरकून उभा राहिला.

"साहेब, तुमी आमाला सांगितलं व्हतं, त्यांच्या युनियनचा अन् आमच्या रोजाचा संबंध न्हाई."

"मी असं नेमकं म्हणालो नव्हतो. सर्वसाधारण परिस्थिती सांगितली होती. बाजारात माणसं जास्त झाली की मजुरी उतरते, बाई. त्याला कुणी काही करू शकत नाही."

"माणसं जास्त कशानं झाली?"

तुम्ही समोरची फाईल उघडलीत.

"ते महाग व्हते तवर आमाला खुशी मिळत व्हती. ते सस्त झाले अन् आमची खुशी गेली. शेट म्हणतो, ते कुंपण व्हतं. खेमाभाऊ आधीच म्हणले व्हते. माह्या नववीतल्या पोरीला बी कळलं. समद्यायला कळलं ते तुमाला तवा कळत नव्हतं, का कळत असून सांगितलं न्हाई?"

"हे बघा, मला मीटिंगला जायचंय. तुम्ही लेखी तक्रार द्या, आपण चौकशी करू."

तुम्ही उठलात. पंचफुलाबाई दारात फतकल मारून बसली. तिच्याशेजारी एक बसली, तिच्याशेजारी दुसरी. दार भरलं. शिपाई ओरडला, एकीनंही मान वळवली नाही.

शकुबाई टेबलाच्या अगदी जवळ आली. हात जोडले नव्हते. त्यांचं काय करावं हे न कळून तिनं ते टेबलावर टेकवले, सुतळीनं चिरलेली बोटं तुमच्या कागदांवर.

"लेखी न्हाई साहेब. तुमी आमाला तोंडानं सांगितलं व्हतं, तोंडानंच सांगा. सोमवारी माही पोरगी पाटावर बसंल. ती इचारती, हे कुणाच्यानं अडलं. मी तिला मेंढराचं नाव सांगू, का माह्या सासूचं, का नशिबाचं? आमी मूर्ख व्हतो, खेमाभाऊ मगरूर व्हते, शेट धंदेवाला व्हता, समदं कबूल. आमच्यातलं कुणी पगारी न्हाई त्या कामाला. तुमी पगारी हाव. तवा तुमी एक शबुद बोलले असते, की बायांनो, संबंध हाय, जपून करा, तं आमी त्या पोत्याला हात लावला नसता. बोलले का न्हाई? कुणी सांगितलं व्हतं न बोलाया? चहा शेटचा व्हता म्हणून, का वरून हुकूम व्हता म्हणून, का आमी बाया म्हणून? बसा खाली, साहेब. मीटिंग मागून. त्यांच्या युनियनचा अन् आमच्या रोजाचा संबंध हाय का न्हाई? व्हय म्हणा, न्हाई तं न्हाई म्हणा. पण माह्या डोळ्यात बघून म्हणा."